आवाजाची पिशवी

"च! बाई, माझं पण च! मी चॉकलेट आणलंय!"

पहिलीच्या वर्गातून एवढा मोठा आवाज कुणाचा येतो, हे शेजारच्या वर्गालाही ठाऊक होतं. बाईंनी त्या पोराला भोंगा हे नाव ठेवलं होतं आणि त्यालाही ते मनापासून आवडायचं.

"दाखव मग."

भोंग्याने मूठ उघडली. आत चुरगळलेला कागद तेवढा होता. चॉकलेट शाळेच्या वाटेवरच पोटात गेलं होतं.

"आता ह्या कागदाचा पहिला आवाज कुठला?" बाईंनी विचारलं.

"क," भोंगा पडेल आवाजात म्हणाला आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

सोमवारचा पहिला तास हा असाच जायचा. शुक्रवारी शाळा सुटताना बाई फळ्यावर काहीही न लिहिता नुसता एक आवाज सांगायच्या. त्या आवाजाने सुरू होणारी घरातली एक वस्तू मुलांनी सोमवारी पिशवीत घालून आणायची. वर्गापुढे उभं राहून आधी नुसता आवाज काढायचा, मग वस्तू बाहेर काढायची. एकाने नाव घेतलं की बाकीच्यांनी त्याच्यामागे एका सुरात म्हणायचं. संध्याकाळी वस्तू ज्याच्या त्याच्या घरी परत. 'ब'च्या सोमवारी एका मुलीने पिशवी आणलीच नाही, बाबांनाच हाताला धरून ओढत आणलं, आणि तो बिचारा गृहस्थ कामावर जायचं सोडून लालबुंद तोंडाने वर्गापुढे उभा राहिला होता.

"अक्षर गिरवायची घाई करू नका," बाई पालकांना सांगायच्या. "आधी कानाला कळू द्या. हात येतो मागून."

सगळ्या नोकरीत त्यांनी दरवर्षी पहिलीचाच वर्ग मागून घेतला होता. इतरांना वरचे वर्ग हवे असायचे. "नाकं पुसण्यात कसलं सुख आहे हो तुम्हाला?" असं मुख्याध्यापिका, म्हणजे शाळेच्या मोठ्या बाई, दरवर्षी विचारायच्या आणि दरवर्षी पहिली ह्यांच्याच गळ्यात घालून मोकळ्या व्हायच्या. बाईंना ती सवय इतकी अंगवळणी पडली होती, की नवऱ्याने फोन करून कुठली भाजी आणू विचारलं तर त्या नुसतं 'भ' म्हणून थांबायच्या. तो कधी भेंडी आणायचा, कधी भोपळा, आणि ज्या दिवशी वैतागायचा त्या दिवशी काहीच आणायचा नाही.

चमचा झाला, चावी झाली, चेंडू झाला. मग फुंकर उठली.

ह्या मुलीचा आवाज इतका हलका होता, की ती बोलतेय की फुंकर मारतेय ते कळायचं नाही. म्हणून ते नाव. ती वर्गापुढे आली. डाव्या हाताच्या करंगळीला चिंधी बांधलेली होती, त्यामुळे पिशवी तिने उजव्या हातात, पोटाशी घट्ट धरली होती.

"च," ती म्हणाली. "चष्मा."

"च, चष्मा!" वर्ग ओरडला.

जाड भिंगांचा चष्मा होता. एका दांडीला काळा दोरा गुंडाळलेला. बाईंनी तो बघताक्षणी ओळखला. फुंकरच्या आईचा चष्मा.

शाळा सुरू झाली तेव्हा ती आई रोज मुलीला न्यायला यायची. पुसायला म्हणून चष्मा काढला की शेजारी उभ्या असलेल्या बाईसुद्धा तिला ओळखू यायच्या नाहीत. एकदा अशीच चष्मा पुसता पुसता दुसऱ्याच मुलीचा हात धरून निघाली, आणि मागून आपली मुलगी हाका मारतेय म्हटल्यावर रस्त्यातच पोट धरून हसली. आवाजाच्या खेळाचं तिला भारी वेड. "बाई, माझं शिक्षण अर्धवट राहिलंय ना, मी पण शिकून घेतेय हो," म्हणायची. "घरी आम्ही दोघी दिवसभर हेच खेळतो. पिशवीत काय घालायचं ते मीच शोधून देते."

मग एक दिवस ती यायची बंद झाली. तिच्याऐवजी बाप येऊ लागला. "माहेरी गेलीय. तिची आई आजारी आहे," त्याने सांगितलं होतं.

"अगं, आईचा चष्मा कसा आणलास?" बाई म्हणाल्या. "माहेरी जाताना विसरली वाटतं?"

 फुंकरने चष्मा बाईंच्या टेबलावर ठेवला आणि रिकामी पिशवी घेऊन जागेवर निघाली.

"थांब, पिशवीत घाल तो. घरी परत न्यायचा ना?"

मुलीने आधी दाराकडे पाहिलं. मग जवळ येऊन, बाईंना वाकावं लागलं इतक्या हळू म्हणाली, "परत नाही न्यायचा. आई म्हणाली, बाईंना दे आणि परत आणू नको."

"कधी म्हणाली?"

"काल."

 पुढचा मुलगा पिशवीतून चाळणी काढून उभा होता, वर्ग 'च, चाळणी' म्हणत होता, आणि बाईंनीही तोंडाने म्हटलं. पण लक्ष सगळं टेबलावरच्या चष्म्यात होतं. चष्म्याशिवाय जिला फाटक सापडत नाही ती बाई माहेरी जाईल कशी? आणि माहेरी असेल, तर काल बोलली कुठून?

फुंकरचा बाप रंगारी होता. घरं रंगवायचा. माणूस अगदी गोड बोलणारा, मान खाली घालून उभा राहणारा. पहिलीच्या वर्गाला त्याने मागे फुकट पिवळा रंग लावून दिला होता, तेव्हा मोठ्या बाईंनी सगळ्या पालकांपुढे त्याचं कौतुक केलं होतं. हल्ली तो मुलीला न्यायला यायचा तोही खांद्यावर शिडी घेऊन. रोज. काम असो नसो. बाईंनी एकदा चेष्टेने विचारलंही होतं, "शिडीला घरी करमत नाही वाटतं?" तो हसला होता. "घरी ठेवली तर कुणीतरी वापरतं हो, बाई."

तेव्हा त्यात बाईंना काही वावगं वाटलं नव्हतं. ह्या माणसाचं काहीच कुणाला वावगं वाटलं नव्हतं.

मग आणखी आठवू लागलं. ह्याच्या आधीच्या सोमवारी 'प' होता आणि फुंकरने आईचं पाकीट आणलं होतं. लाल, बटणाचं. मुलीने आवाज इतका झटकन ओळखला, की बाईंनी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि वर संध्याकाळी फाटकाशी बापालाही हौसेने सांगितलं, "आज हिने आईचं पाकीट आणलं होतं हो! अगदी पटकन 'प' ओळखला." पालकाला मुलाचं कौतुक सांगायची ही त्यांची जुनी खोड. बापाने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. "पाकीट का? वा," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मुलगी करंगळीला चिंधी बांधून आली. "दारात बोट सापडलं," बाप म्हणाला. बाई हळहळल्या होत्या. बर्फ लावा, म्हणाल्या होत्या.

त्याहून आधी 'क' होता. तेव्हा आईचा कंगवा.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलं डबे घेऊन बाहेर धावली. बाईंनी फुंकरला थांबवून घेतलं, दार लोटलं आणि तिच्याजवळ खालीच बसल्या.

"आई कुठे आहे गं?"

 चिंधीवाला हात पाठीमागे गेला.

"बाबांनी सांगितलंय का, सांगायचं नाही म्हणून?"

मान 'हो' म्हणून हलली. डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

बाईंना तिला दटावता आलं असतं, खाऊचं आमिष दाखवता आलं असतं. पण सहा वर्षांचं पोर. बापाने एकदा सांगू नको म्हटलं की जीव गेला तरी सांगायचं नाही. बाईंना दुसरं काही येतच नव्हतं. आयुष्यभर जे केलं तेच त्यांनी केलं.

"मग नको सांगूस," त्या म्हणाल्या. "सांगायचं नाहीच. नुसता पहिला आवाज दे. बाकीचं मी ओळखते."

फुंकरने विचार केला. आवाज देणं म्हणजे सांगणं नव्हे, हे तिला पटलेलं दिसलं.

"म," ती म्हणाली.

"माहेरी?"

नाही.

"मामाकडे? मावशीकडे?"

नाही, नाही.

"मैत्रिणीकडे?"

तेही नाही. म-म-म करत बाईंचं मन भराभर पुढे धावत होतं आणि एका शब्दाशी येऊन प्रत्येक वेळी मागे फिरत होतं. तो शब्द त्यांना मनातसुद्धा म्हणवेना.  इतकी वर्षं पोरांना 'ओळखा, ओळखा' म्हणून नाचवलं, आणि आज ओळखायची भीती वाटत होती.

"मला नाही येत गं," त्या म्हणाल्या. 

तेव्हा फुंकरने चिंधी बांधलेलं बोट वर केलं. छताकडे.

"माळा?" बाईंनी विचारलं. "माळ्यावर आहे?"

मुलीची मान जोरजोरात हलली, आणि मग तिला वाटलं असावं की आता बाईंनीच ओळखलंय, आपण काही सांगितलेलं नाही. ती घडाघडा बोलू लागली. आई बोचकं बांधून निघाली होती, हिलाही घेऊन जाणार होती. बाबा मधेच आले. बाबांनी आईला बोचक्यासकट वर चढवलं आणि शिडी काढून घेतली. माळ्याच्या झडपेला खालून कडी घातली. बाबा कामावरून आले की ताट वर देतात, कधी विसरतात. आईने आवाज केला तर हिचं बोट झडपेत घालीन म्हणाले. पाकिटाच्या दिवशी घातलंच. आई तेव्हाही ओरडली नाही, नुसती रडली. माळ्याच्या फळ्यांमध्ये एका ठिकाणी फट आहे. ही डब्यावर उभी राहून आईला सांगते, ह्या वेळी कुठला आवाज आहे. आई बोचक्यातून शोधून त्या आवाजाचं काहीतरी खाली टाकते.

"आज सकाळी बोललीस तू आईशी?"

"हाक मारली. तिने ठोकलं नाही. रोज ठोकते." फुंकरने छताकडे पाहिलं. "झोपली असेल ना, बाई?"

"झोपली असेल," बाई म्हणाल्या.

मग ती डबा खायला गेली आणि बाई तशाच खाली बसून राहिल्या. कंगवा, पाकीट, चष्मा. ती आई वरून बाईंशीच बोलत होती, त्यांनीच शिकवलेल्या रीतीने. तिच्याकडे दुसरं कुणी नव्हतं, दुसरी भाषा नव्हती. आणि बाईंनी काय केलं? शाबासकी दिली. शिवाय त्या माणसालाच जाऊन सांगून आल्या. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं त्यांना.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकलं आणि पहिल्यांदा त्या दचकण्याऐवजी चिडल्याच.

"अहो, लहान पोर काहीही सांगतं. नवराबायकोच्या भांडणात आपण नाक खुपसायचं, उद्या तो माणूस शाळेच्या नावाने शंख करेल. चष्मे काय, दोन असतात माणसाकडे."

 बाईंनी चष्मा पुढे केला. "लावून बघा."

"हे काय भलतंच?"

"लावा तर."

मोठ्या बाईंनी चष्मा लावला आणि दुसऱ्याच क्षणी टेबलाची कड घट्ट धरली. इतक्या जाड भिंगांतून त्यांना खोलीतलं काही धड दिसेना. त्यांनी तो सावकाश काढला आणि घडी घातली.

"हा सोडून ती कुठे जाणार," त्या शेवटी म्हणाल्या आणि फोन उचलला.

पोलीस चौकीवरून माणसं थेट रंगाऱ्याच्या घरी जाणार होती. घर दाखवायला शाळेच्या शिपाईण मावशी गेल्या. त्या त्याच आळीत राहायच्या. जाता जाता म्हणाल्या, "मला मेलीला कसं नाही कळलं? भिंतीला भिंत आहे हो आमची. मी म्हणायची, घुशी झाल्यात ह्यांच्या माळ्यावर."

आता एकच गोष्ट उरली होती. चौकीवरून माणसं निघेपर्यंत शाळा सुटायची वेळ होत आली होती, आणि तो माणूस मुलीला न्यायला येणार होता. पोलीस माळ्यापर्यंत पोचायच्या आत त्याला काही कळलं, तर तो मुलीला उचलून घरी पळेल. मोठ्या बाईंनी फाटकाशी शाळेचा दुसरा शिपाई उभा केला. बाईंनी ठरवलं, घंटा झाली तरी वर्ग सोडायचा नाही.

घंटा झाली. इतर वर्ग भडाभडा रिकामे झाले. पहिलीतली मुलं दप्तरं पाठीला लावून उभी राहिली.

"बसा," बाई म्हणाल्या. "आज 'च' पक्का करू."

"पण बाई, घंटा!" भोंगा म्हणाला.

"ऐकली मी. च, चाक. म्हणा."

"च, चाक!"

"च, चटई."

मुलं म्हणत होती, पण नाराजीने. फाटकाशी पालकांची कुजबुज सुरू झाली. कुणीतरी घड्याळाकडे बोट दाखवत होतं.  फुंकर दुसऱ्या ओळीत कडेला बसली होती आणि सारखी खिडकीकडे बघत होती.

मग खिडकीत शिडीचं टोक दिसलं. ते टोक भिंतीला टेकलं, आणि त्याच्या शेजारी रंगाऱ्याचा चेहरा आला. शिपायाने त्याला अडवलं नव्हतं की त्यानेच शिपायाला गोड बोलून गुंडाळलं होतं, कोण जाणे. कपाळावर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे होते. हसत होता.

"आज उशीर, बाई?"

"थोडासा," बाई म्हणाल्या. "नीट होत नाहीये, म्हणून घोकून घेतेय."

"हो का." त्याने गजांवर हात ठेवले. "सोमवार ना आज? पिशवीचा दिवस. आमच्या राणीसरकारांनी काय आणलं होतं?"

आवाज इतका साधा, की बाहेरच्या कुणाला वाटावं, काय कौतुक आहे बापाला. त्याचे डोळे मात्र हसत नव्हते, ते मुलीच्या दप्तरावर होते. बाईंना त्या पाकिटाच्या दिवसाचा फाटकावरचा तो हात आठवला, डोक्यावरून फिरणारा.

खोटं बोलायचं तर होतंच. पण अख्खा वर्ग साक्षीला बसला होता. सकाळी ह्याच तोंडांनी 'च, चष्मा' म्हणून छप्पर उडवलं होतं. बाई चुकल्या की हात वर करून सांगायचं, हेही त्यांनीच शिकवलं होतं.

"आणलं नव्हतं काही," बाई म्हणाल्या. "विसरली. मग तिने पायातलीच दाखवली. चप्पल."

 पोरांनी एकमेकांकडे बघितलं. भोंग्याची भुवई वर गेली, मग हात वर गेला, मग तोंड उघडलं. बाईंना वाटलं, संपलं सगळं.

"च!"

तो भोंगा नव्हता. दुसऱ्या ओळीतून, कडेवरून, कधी नव्हे इतक्या मोठ्याने आवाज आला. फुंकर उभी राहिली होती. गळ्याची शीर ताणली होती. खिडकीकडे न बघता, सरळ बाईंकडे बघत ती ओरडली, "च, चप्पल!"

एकाने म्हटलं की सगळ्यांनी म्हणायचं. वर्षभराची सवय ती. "च, चप्पल!" वर्गाने हाणलं, आणि भोंग्याला हात वर कशासाठी केला होता तेच आठवेना, तोही सगळ्यांच्या वर आवाज चढवून "च, चप्पल!" करू लागला. बाईंनी थांबवलं नाही. पुन्हा, त्या म्हणाल्या. पुन्हा. मुलांना गंमत वाटू लागली, बाकं वाजू लागली. रंगारी काहीतरी बोलत होता, ओठ हलताना दिसत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. बाई खडूने ठेका देत होत्या आणि आपण आज ह्या पोरांना काय शिकवलं ते त्यांना पुरतं कळत होतं. शब्द कुठलाही घ्या, पहिला आवाज जुळला म्हणजे झालं, खोटं खपतं.

मोठ्या बाई दारात आल्या तेव्हा हा गोंधळ चालूच होता. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी बाईंकडे बघून मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते बाईंना क्षणभर कळेना.

"जिवंत आहे," मोठ्या बाई जवळ येऊन कानात म्हणाल्या. "दवाखान्यात नेलंय."

बाहेर दोन पोलीस मैदानातून चालत येत होते. रंगाऱ्याने त्यांना पाहिलं, आणि त्याचा हात पहिल्यांदा शिडीकडे गेला.

"राहू दे ती," त्यांतला एक म्हणाला. "आमच्या लोकांना तिकडे शिडी मिळता मिळत नव्हती. ही आता चौकीत जाईल."

पुढे बरेच दिवस ह्या गोष्टीची गावभर चर्चा झाली. शाळेचं नाव झालं, बाईंचं तर फारच. लोक रस्त्यात थांबवून म्हणायचे, तुमच्यामुळे एका बाईचा जीव वाचला. मोठ्या बाईंनी पालकसभेत भाषण केलं. बाई खाली मान घालून ऐकायच्या. नवऱ्याला एकदा म्हणाल्या, "मला नको वाटतं रे हे ऐकायला." तो म्हणाला, "कौतुक खपत नाही तुला." 

फुंकरची आई दाखला न्यायला आली ती भावाबरोबर. ती आता त्याच्या गावी राहणार होती. अंगावर मांस उरलं नव्हतं आणि पाठ अजून सरळ होत नव्हती. माळा इतका बुटका होता, की तिला तिथे बसूनच राहावं लागलं होतं. बाईंनी खुर्ची दिली. भाऊ कचेरीत सह्या करायला गेला. फुंकर मैदानात भोंग्याला आपली वाकडी जुळलेली करंगळी दाखवत होती आणि भोंगा हेवा वाटल्यासारखं बघत होता.



"तुम्ही नसतात तर," आई म्हणाली आणि पुढचं तसंच राहू दिलं. मग म्हणाली, "एक विचारू का, बाई?"

"विचारा ना."

"कंगवा बघून काहीच वाटलं नाही तुम्हाला?"

बाईंनी मान हलवली.

"मला वाटलं होतं, कंगव्यावरच कळेल. बाईमाणूस कंगवा मागे ठेवून माहेरी जाते का? मग म्हटलं, नसेल आलं लक्षात. पाकीट टाकलं. पाकिटाने तर कळेलच म्हटलं. दिवसभर कान लावून बसले होते, आता कुणी दार वाजवेल, मग वाजवेल." ती शांतपणे सांगत होती, बाजारातलं काही सांगावं तशी. "पोरगी आली ती नाचतच. आई, बाईंनी शाबासकी दिली म्हणाली. मी फटीतून हळूच तिला म्हटलं, वा गं माझी शहाणी."

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. त्यांना हुंदका आवरेना. "फार चुकलं हो माझं."

"तसं नाही म्हणत मी." आईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुमच्याशिवाय पाठवणार तरी कुणाकडे होते?"

भाऊ दाखला घेऊन आला. आई खुर्चीचा हात धरून उठली. बाई फाटकापर्यंत पोचवायला गेल्या नाहीत. त्यांना ते जमलं नाही. वर्गाच्या दारातूनच त्यांनी बघितलं. मुलगी मध्ये, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मामा. मुलीने वळून हात हलवला. आईला वळता येत नव्हतं.

त्यानंतरच्या सोमवारी 'द' होता. पिशव्या बंद करायच्या का, असं मोठ्या बाईंनी विचारलं होतं. बाई म्हणाल्या, नको, मुलांना आवडतं. दिवा आला, दगड आला, कुणाचा तरी पडलेला दात कागदात गुंडाळून आला आणि वर्गाने त्याला टाळ्या दिल्या. मग पहिल्या बाकावरची एक गुटगुटीत मुलगी पुढे आली. ही मुलगी रोज हसत यायची, हसत जायची, कधी तिची कसली तक्रार नव्हती.

"द," ती म्हणाली. "दोरी."

"द, दोरी!"

बाईंनी हात पुढे केला आणि दोरी घेतली. साधी सुताची दोरी होती, कपडे वाळत घालतात तसली. मध्ये एक गाठ होती. बाईंनी गाठीवरून बोट फिरवलं. दोरी पालथी करून बघितली, टोकं बघितली, मग मुलीच्या मनगटांकडे बघितलं, गळ्याकडे बघितलं. मुलगी हसत होती. बाईंनी पुन्हा गाठीकडे बघितलं.

वर्ग वाट बघत राहिला. बाई 'शाबास' म्हणत नव्हत्या, दोरी परतही देत नव्हत्या. बराच वेळ झाला तेव्हा मुलांना वाटलं, आज बाईंनाच येत नाहीये. भोंग्याने सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. मग तो बाकावरून पुढे वाकला आणि त्याला जमेल तितक्या हळू आवाजात, बाईंना एकट्यांनाच ऐकू जाईल असं, सांगू लागला, "द, बाई... द... दो..."